आंग्र्यांवरच्या जुन्या इंग्रजी लिखाणातले 'स्नो', 'ग्रॅब', 'बोटस्वेन' - अर्थ आणि उच्चार हवेत

हर्णैची_लेक

नमस्कार मंडळी, आमच्याकडे वाचनाचा एक छोटा गट आहे आणि या वेळचा विषय माझ्या गळ्यात पडलाय, तुळाजी आंग्र्यांच्या ताब्यातल्या सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्गवर इंग्रजांनी केलेले हल्ले, म्हणजे १७५५ आणि १७५६. मराठीतलं बरंच वाचून झालंय, पण मला त्या काळच्या इंग्रजांनी स्वतः काय लिहून ठेवलंय त्यातले उतारे मोठ्याने वाचायचेत आणि मग मराठीत सांगायचेत. इथपर्यंत ठीक. आता प्रत्यक्ष वाचायला बसले तर दर ओळीला ठेच.

बोटस्वेन, फोरकासल, गनवेल हे मी जसं लिहिलंय तसं वाचतेय पण असं कोणी बोलत नसणार हे कळतंय. लीवर्ड, लार्बोर्ड, बर्थन, प्रो की प्राउ? मग 'ग्रॅब' आणि 'गॅलिव्हॅट', यातला ग्रॅब म्हणजे हिसकावणे असा धरून वाक्य लावायला गेले तर काहीच लागेना. सगळ्यात भारी म्हणजे 'स्नो'. कोकण किनाऱ्यावर स्नो पकडला म्हणे! कुठला बर्फ, हर्णै बंदरात मासळीच्या पेटीतला का?

डिक्शनरीत बघितलं तर पहिला अर्थ नेहमीचाच येतो, सातव्या-आठव्या अर्थापर्यंत जाईपर्यंत माझा पेशन्स संपतो. गटात दोन जण कॉन्व्हेंटचे आहेत, उच्चार चुकला की भुवया वर. जाणकारांनी प्लीज मदत करा.

डेकवरचा_माणूस

ताई, आयुष्य मर्चंट नेव्हीत गेलं त्यामुळे यातले निम्मे शब्द कानावरून गेलेत. जहाजावरचे शब्द लिहिणाऱ्यांनी नाही, ओरडणाऱ्यांनी घडवलेत. वारा सुटलाय, शिडं फडफडतायत, त्यात लांबलचक शब्द कोण पूर्ण म्हणणार, म्हणून मधली अक्षरं गिळली गेली आणि स्पेलिंग तेवढं जुनं राहिलं. एवढं धरून चाला, बाकी सोपं आहे.

बोटस्वेनला म्हणायचं बोसन. स्वेन म्हणजे पोऱ्या, गडी. आता सरळ बी-ओ-एस-यू-एन असंही लिहितात. डेकवरच्या खलाशांचा मुकादम तो. फोरकासल म्हणजे फोक्सल, जहाजाचा पुढचा उंच भाग. मध्ययुगात तिथे खरोखर बुरुजासारखं लाकडी बांधकाम असायचं आणि त्यावर तिरंदाज उभे राहायचे, म्हणून कासल. पुढे पुढे खलाशांची झोपायची जागा तिथे आली. हे दोन्ही शब्द आजही जिवंत आहेत बरं का, बंदरात जहाज शिरताना चीफ ऑफिसर आणि बोसन फोक्सलवर उभे असतात, ब्रिजवरून वॉकीटॉकीवर कॅप्टन विचारतो नांगर तयार का, बोसनचा हात विंडलासच्या (नांगराची साखळी ओढायच्या यंत्राच्या) ब्रेकवर, आणि 'लेट गो' ऐकू आलं की साखळी अशी काही धडधडत सुटते की गंजाचा लाल धुरळा नाकातोंडात. तिथे 'फोरकासल' असं पूर्ण म्हणणारा अजून तरी भेटला नाही मला.

गनवेल म्हणजे गनल, टनलशी यमक जुळवा. वेल म्हणजे जहाजाच्या कडेची जाड फळी, तोफा त्या उंचीवर असायच्या म्हणून गन. लीवर्डला खलाशी लूअर्ड म्हणतात, वारा जिकडे वाहून जातो ती बाजू. गंमत म्हणजे वेस्ट इंडीजमधल्या लीवर्ड बेटांचं नाव मात्र लिहिल्यासारखंच लीवर्ड. त्याच्या उलट विंडवर्ड, तो सरळ आहे.

प्राउ. काउसारखा. आपण जिला नाळ म्हणतो ती, जहाजाचं टोक. बी-ओ-डब्ल्यू पण तसाच, बाउ. पण त्याच बाउतून पुढे आलेला आडवा-तिरका दांडा असतो तो बोस्प्रिट, तिथे बाउ नाही बो! आणि दोरीची गाठ ती बोलिन. याला लॉजिक विचारू नका.

एक यादीत नाहीये पण नक्की येणार तुमच्या उताऱ्यात. एल-ई-ए-डी. जिथे खोली मोजायचं चाललंय तिथे तो 'लीड' नाही, 'लेड' आहे, शिसं. दोरीला शिशाचं वजन, त्याच्या बुडाला खळगा, खळग्यात चरबी भरायची, वजन तळाला टेकलं की वाळू, चिखल, शिंपल्यांचे तुकडे जे असेल ते चरबीला चिकटून वर यायचं, त्यावरून तळ कसा आहे ते कळायचं. परक्या किनाऱ्यावर किल्ल्याच्या जवळ जहाज न्यायचं तर आधी हेच करावं लागायचं, त्यामुळे तुम्ही तिथे लीड वाचलंत तर अख्ख्या परिच्छेदाचा अर्थ जाईल.

जाता जाता, आपल्याकडचे जुने खलाशी बोसन म्हणायचेच नाहीत, सारंग म्हणायचे. आणि त्याच्या हाताखालचा तो टंडेल, आपल्या कोळीवाड्यात होडीच्या म्होरक्याला तांडेल म्हणतात तोच. हे दोन्ही इंग्रजी डिक्शनरीत आहेत, सेरँग आणि टिंडल म्हणून शोधा.

पापलेटप्रेमी

स्नो पकडला म्हणे 😂😂 काका भारी लिहिलंय. फोक्सल तर मी आजवर फॉक्स काहीतरी समजत होतो.

शब्दखोर

काकांनी अस्सल इंग्रजी बाजू घेतली, मी उरलेली घेतो. तुमच्या यादीत दोन जाती मिसळल्यात, एक त्यांचे खलाशी शब्द आणि दुसरे आपलेच शब्द कोट घालून परत आलेले. दुसऱ्यांना डिक्शनरीत पहिल्या पानावर शोधून उपयोग नाही.

ग्रॅब. हिसकावण्याशी काडीचा संबंध नाही, आंग्र्यांचं नाव चाचे म्हणून घेतात त्यामुळे लोकांना वाटतं की लुटारू म्हणून ग्रॅब, पण ती निव्वळ स्पेलिंगची चुगली आहे. हा आपला गुराब. अरबी घुराब, म्हणजे मूळ अर्थ कावळा किंवा डोमकावळा, आणि त्यावरून एका प्रकारचं जहाज. उच्चार मात्र इंग्रजीत ग्रॅबच करा. रॉबर्ट ओर्म नावाचा त्याच काळातला इतिहासकार आहे, त्याने गुराबाचं वर्णन फार नीट केलंय. बहुतेकांना दोन डोलकाठ्या, काहींना तीन. तीनवाले सुमारे ३०० टनांचे, दोनवाले १५० च्या आत. लांबीच्या मानाने चांगलेच रुंद, मधून टोकाकडे निमुळते होत गेलेले, पाण्यात फार बुडत नाहीत, आणि पुढे नेहमीच्या बाउऐवजी लांब बाहेर आलेली नाळ. कमी पाण्यात चालतात हीच खरी मेख. खाडीच्या तोंडात हे आरामात शिरणार आणि पाठलाग करणारं मोठं जहाज बाहेर लेड टाकत बसणार.

गॅलिव्हॅट म्हणजे गलबत. जोर पहिल्या अक्षरावर, गॅ-लिव्हॅट. आता आपण गलबत म्हणजे कुठलंही जहाज म्हणतो, तेव्हा तसं नव्हतं. ही मोठी वल्ह्यांची होडी, जास्तीत जास्त ७० टन, ४०-५० वल्ही, वारा पडला तरी तासाला चार मैल. वारा पडला की इंग्रजांचं मोठं जहाज जागच्या जागी डुलत राहणार आणि ही गलबतं त्याच्या मागच्या बाजूला येणार जिथे त्याच्या तोफा कमी, किंवा गुराबांना दोरीने ओढून मोक्याच्या जागी नेणार. वाचताना हे डोक्यात ठेवलं तर एरवी कंटाळवाणी वाटणारी लढाईची वर्णनं एकदम उघडतात. गलबताच्या मोठ्या डोलकाठीवर एकच तिकोनी शीड, त्याला ते लटीन म्हणतील, जोर 'टी'वर, ल-टीन. लॅटिनच तो, फ्रेंचमधून आलेला, भूमध्य समुद्रातलं शीड म्हणून. मागची बारकी डोलकाठी ती मिझन.

बर्थन वाचू नका, बर्दन. बर्डनचंच जुनं रूप, जहाज किती माल घेतं ते. '३०० टन्स बर्दन' असं येईल. यातला टन पण आधी दारूच्या पिंपाचं नाव, जहाजात किती पिंपं मावतात यावरून माप.

आणि तुमचा बर्फ! स्नो हे दोन डोलकाठ्यांचं व्यापारी-लढाऊ दोन्ही कामाचं जहाज, मुख्य डोलकाठीच्या अगदी पाठीला लागून अजून एक बारीक काठी, एका जादा शिडासाठी. डच स्नाउवरून आलाय. स्पेलिंग बर्फाचंच त्यामुळे सगळेच फसतात. असंच पिंक नावाचं पण जहाज असतं, रंग नाही.

शिबर दिसलं तर आपलं शिबाड, पॅटमार दिसलं तर पत्तेमारी. डस्टक दिसलं तर दस्तक, म्हणजे परवाना, आंग्र्यांचं म्हणणं होतं की आमच्या समुद्रातून जायचं तर आमचं दस्तक घ्या, इंग्रज म्हणाले नाही घेत, भांडणाचं मूळ ते.

खडूस_काका

माहिती उत्तम. पण एक सांगतो, उताऱ्यात 'सेव्हर्नड्रूग' आणि 'घेरिया' आलं तर वाचताना सरळ सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग म्हणा. आपल्याच किल्ल्यांची नावं वाकडी करून आपणच कशाला वाचायची? टूलाजी अँग्रिया म्हणे. तुळाजी आंग्रे म्हणायला काय जीभ झिजते?

शब्दखोर

काका, घेरिया वाकडं केलेलं नाही, विजयदुर्गाचं जुनं नावच घेरिया आहे, आपल्या कागदांत पण येतं. ते बिनधास्त वाचावं.

आणि बाकीच्यांचं म्हणाल तर मला नाही पटत. इंग्रजाचा उतारा वाचतोय तर त्याच्या कानाला काय ऐकू आलं ते तसंच यायला हवं, नाहीतर मराठीच पुस्तक वाचावं की. शिवाय ही स्पेलिंगं वाटतात तेवढी अडाणी नाहीत. तेव्हा सरकारी पद्धत नव्हती, जो तो ऐकून लिहायचा, पण एक ढोबळ रीत आहे. यू म्हणजे बहुधा आपला अ, डबल ओ म्हणजे ऊ, डबल ई म्हणजे ई. पंडित, कच्छ, जबलपूर यांची जुनी स्पेलिंगं आठवा, सगळीकडे अ साठी यू आहे. पुण्याचं पूना आणि सतीचं सुट्टी पण त्याच खात्यातलं. ही चावी लावून वाचलं तर ड्रूग म्हणजे द्रुग, दुर्गाचं बोलीतलं रूप, जवळ जवळ बरोबर आलं. सुवर्णचं सेव्हर्न झालं ते मात्र खरंच त्यांच्या सेव्हर्न नदीच्या वळणावर गेलेलं दिसतं, तिथे हसा पाहिजे तर.

खडूस_काका

हसत नाही. आणि तुळाजीवर पेशवे आणि इंग्रज मिळून चालून गेले हे पण त्या उताऱ्यांसोबत सांगा म्हणजे झालं, नुसते उच्चार नकोत.

पापलेटप्रेमी

झालं सुरू 🙏 पेशवे-आंग्रे वेगळा धागा काढा, पॉपकॉर्न घेऊन येतो.

थेम्सकाठची_माई

हर्णैची लेक, तुझ्यासाठी एक वेगळीच गोष्ट. मी लंडनच्या दक्षिण-पूर्वेला राहते आणि इथे शूटर्स हिल नावाच्या टेकडीवर जंगलात एक तिकोनी मनोरा आहे, नाव सेव्हर्नड्रूग कासल! १७५५ ला सुवर्णदुर्ग घेणारा कमोडोर विल्यम जेम्स, तो वारल्यावर त्याच्या बायकोने १७८४ मध्ये त्याच्या आठवणीत बांधला. पहिल्यांदा पाटी वाचली तेव्हा माझी ट्यूबच पेटली नाही. दारावरच्या लेखात २ एप्रिल १७५५ तारीख आहे आणि किल्ला 'मलबार किनाऱ्यावर' असं कोरलंय, कारण तेव्हा ते आपला अख्खा पश्चिम किनारा मलबारच म्हणायचे, त्यामुळे तुझ्या उताऱ्यात मलबार आलं की केरळ समजू नकोस.

इथले लोक बिनदिक्कत सेव्हर्नड्रूग म्हणतात, त्यातल्या किती जणांना हर्णै माहीत असेल देव जाणे. म्हणून काकांचं म्हणणं मला अगदीच चुकीचं वाटत नाही, निदान एकदा तरी खरं नाव मोठ्याने घ्यावं.

आणि उच्चाराचं टेन्शन घेऊच नको गं. हा मनोरा ज्या बरोमध्ये, म्हणजे लंडनच्या विभागात, येतो तो लिहितात ग्रीनविच आणि म्हणतात ग्रेनिच, शेजारचं वूलविच ते वुलिच, नदी टेम्स. मी तरी माझ्या नावात थेम्सच ठेवलंय, मुद्दाम. इथे जन्मलेले लोकसुद्धा दुसऱ्या गावाचं नाव वाचताना अडखळतात, लेस्टर-वुस्टर माहीत असेल तरच जमतं. त्यामुळे भुवया उंचावणाऱ्या कॉन्व्हेंटवाल्यांना स्पेलिंग दाखवून विचार, ग्लूसेस्टर कसं म्हणाल. (ग्लॉस्टर.)

हर्णैची_लेक

बाप रे, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. माई, तो मनोरा मी शेवटी फोटोसकट दाखवणार, हक्काचा टाळ्यांचा मुद्दा आहे तो.

काका (दोन्ही), किल्ल्याचं नाव मी असं करेन, उताऱ्यात आहे तसंच वाचेन आणि लगेच मराठी नाव घेईन. पेशव्यांचं तर सांगणारच आहे, त्याशिवाय गोष्ट पूर्ण कशी होणार.

राहिलेले तीन. लार्बोर्ड म्हणजे डावी बाजू हे कळलं पण मग पोर्ट का म्हणत नाहीत? 'जहाजं रोडमध्ये नांगरली' म्हणजे काय, रस्ता? आणि असे नवीन शब्द पुढे आले तर उच्चार कुठे ऐकायचे, यूट्यूबवर बघितलं तर एका व्हिडिओत चक्क 'बोट-स्वेन' ऐकवलं.

डेकवरचा_माणूस

लार्बोर्ड नाही, लार्बर्ड. जोर पुढे, शेवटचं तोंडातल्या तोंडात. तसाच स्टारबर्ड. स्टारचा आणि ताऱ्यांचा संबंध नाही हं, तो स्टिअर आहे, जुन्या बोटींना मागे मध्यभागी सुकाणू नसायचं, उजव्या कडेला एक मोठं वल्हं लावून दिशा धरायचे, ती बाजू स्टारबर्ड. साहजिकच धक्क्याला बोट लावायची ती दुसऱ्या बाजूने, नाहीतर वल्ह्याचाच चुरा. म्हणून ती पोर्ट, बंदराकडची. पोर्ट हा शब्द जुनाच आहे, पण लार्बर्ड आणि स्टारबर्ड वादळात ओरडून सांगा बघू, ऐकणाऱ्याला दोन्ही सारखेच, आणि सुकाणू उलटं फिरवलं की संपलं. शेवटी १८४४ मध्ये ब्रिटिश नौदलाने हुकूम काढून लार्बर्ड बंद केला. तुमची लढाई त्याआधी जवळपास नव्वद वर्षं, तेव्हा लार्बर्डच असणार.

रोड म्हणजे बंदराच्या बाहेरची उघडी पण नांगर धरेल अशी जागा. भरतीची किंवा धक्क्याची वाट बघत जहाजं तिथे थांबतात. रोडस्टेड पण म्हणतात.

शब्दखोर

यूट्यूबवरचे ते एका शब्दाचे व्हिडिओ सोडूनच द्या, बरेचसे मशीनचे आवाज असतात, स्पेलिंग दिसेल तसं वाचतात, आणि अशा शब्दांत नेमकं तेच चालत नाही. मेरियम-वेबस्टरच्या साईटवर स्पीकरचं चिन्ह असतं ते दाबा, फुकट आहे, पण उच्चार अमेरिकन. केंब्रिजवर ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही मिळतात. फरक पडतो, उदाहरणार्थ बंदरातला तरंगता पिंप, बी-यू-ओ-वाय, ब्रिटिश लोक बॉय म्हणतात आणि अमेरिकन बूई. तुमचे उतारे ब्रिटिशांचे, तेव्हा बॉय. आणि उच्चाराच्या चिन्हांमध्ये अक्षराच्या डोक्यावर जी छोटी उभी रेघ असते ना, ती ज्या अक्षराच्या आधी असेल त्याच्यावर जोर द्यायचा. बहुतेक लोक रेघेच्या आधीच्या अक्षरावर देतात आणि मग 'लटीन'चं 'लॅटिन' होतं.

गुराब, गलबत, दस्तक, सारंग असले शब्द मात्र नेहमीच्या डिक्शनरीत अर्धवट मिळतील. त्यासाठी १८८६ चं हॉब्सन-जॉब्सन बघा, यूल आणि बर्नेल यांचं, ऑनलाइन सगळं आहे. उच्चार नीट नाही मिळणार पण कोणी कुठल्या साली तो शब्द कसा लिहिला त्याचे उतारेच्या उतारे दिलेत. उघडलंत तर रात्र जाईल एवढंच सांगून ठेवतो.

डेकवरचा_माणूस

अजून एक राहिलं, रोडवरून आठवलं. नकाशात किंवा चार्टवर 'अँग्रिया बँक' दिसेल, विजयदुर्गपासून पश्चिमेला शंभर किलोमीटरच्याही पलीकडे. तिथे पैसे मिळत नाहीत, समुद्रातला उथळ उंचवटा असतो त्याला बँक म्हणतात. पाण्याखाली प्रवाळ आहे तिथे, आणि नाव आंग्र्यांचंच. चार्टवर कुणी बदललेलं नाही, अँग्रिया तर अँग्रिया.